डिस्क शाबूत, तरी बूट होत नाही: मल्टिबूट आणि पोर्टेबल सिस्टिमचं निदान

लिनक्स टाकलं आणि विंडोज दिसेना. विंडोजचं अपडेट आलं आणि लिनक्स दिसेना. एक्सटर्नल एसएसडीवरची सिस्टिम एका संगणकावर झकास चालते, दुसऱ्याला जोडली की मेन्यूत तिचं नावच येत नाही. तिन्ही प्रसंगी बहुतेकांचा हात इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हकडे जातो. जरा थांबा. अशा बिघाडांत फायली आणि प्रोग्रॅम बहुधा जागच्या जागी असतात. तुटलेला असतो तो त्यांच्यापर्यंत पोहोचवणाऱ्या साखळीतला एखादा दुवा. तो कोणता हे न बघता पुन्हा इन्स्टॉल केलं तर तो पुन्हा तसाच तुटू शकतो, आणि चुकीचं पार्टिशन पुसलं गेलं तर आधी नसलेलं नुकसान होऊन बसतं.

(कमांडी आणि फायलींची नावं पुढे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची.)

गाडं कुठे अडलं?

बटण दाबल्यापासून लॉगिनच्या पडद्यापर्यंत सूत्रं चार जणांच्या हाती जातात. आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर (बोर्डात भरलेला प्रोग्रॅम), मग बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, लिनक्सचा बहुधा ‘ग्रब’), मग कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि त्याच्यासोबत येणारी छोटी तात्पुरती सिस्टिम म्हणजे इनिटरॅमएफएस, आणि शेवटी डिस्कवरची खरी सिस्टिम. कोण अडखळलं हे पडद्यावरची शेवटची ओळ सांगते, म्हणून मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा.

‘बूट होण्याजोगं उपकरण सापडलं नाही’ अशा अर्थाचा संदेश आला किंवा संगणक थेट सेटिंग्जच्या पडद्यात शिरला, तर फर्मवेअरला बूटलोडर मिळालेला नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ किंवा नुसतं ‘ग्रब’ लिहिलेला प्रॉम्प्ट (कमांडची वाट बघणारी ओळ) आला, तर बूटलोडर सुरू झालाय पण त्याला स्वतःच्या फायली सापडत नाहीत. कंसात ‘इनिटरॅमएफएस’ लिहिलेला प्रॉम्प्ट म्हणजे कर्नल आला, पण ज्या पार्टिशनवर सिस्टिम आहे ते त्याला दिसलं नाही. ‘इमर्जन्सी मोड’ आला तर मुख्य पार्टिशन सापडलंय आणि बहुधा दुसरंच काहीतरी जोडताना अडचण आलीय. विंडोजच्या निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दिसलं, तर विंडोजचा बूटलोडर ठीक आहे, बहुधा डिस्क वाचणारा ड्रायव्हर चुकलाय.

नोंद बोर्डात, फाइल डिस्कवर

बहुसंख्य घोळांचं मूळ या एका गोष्टीत आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

जुन्या बायॉस पद्धतीत सगळं डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्सच्या सेक्टरवर अवलंबून असे: ४४६ बाइट्स बूटचा कोड, ६४ बाइट्स चार पार्टिशनांचा तक्ता, उरलेल्या दोन बाइट्सची खूण. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली की हे सगळं तिच्याबरोबर जायचं. यूईएफआय या नव्या फर्मवेअर पद्धतीत तसं नाही. डिस्कवर फॅट३२ पद्धतीचं एक छोटं पार्टिशन असतं, त्याला ईएसपी म्हणतात. बूटलोडर त्यात साध्या फायलींच्या रूपात असतात: ‘ईएफआय’ फोल्डरात मायक्रोसॉफ्टचं एक फोल्डर, उबुंटूचं एक, असे शेजारी शेजारी. पण यातली कोणती फाइल, कोणत्या क्रमाने चालवायची, ही यादी डिस्कवर नसते. ती मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅम नावाच्या कायमस्वरूपी स्मृतीत असते.

म्हणजे डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली की फायली जातात, यादी मागे राहते. फर्मवेअर अपडेट केल्यावर किंवा डिस्क काही काळ काढून ठेवल्यावर काही बोर्ड यादीतली नोंद स्वतःहून पुसतात. काही वेळा विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर यादीचा क्रम बदलतो आणि विंडोज पहिलं येतं. यातल्या कशातही लिनक्सला धक्का लागलेला नसतो. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स इन्स्टॉल न करता थेट चालतं) यूईएफआय पद्धतीने बूट करून टर्मिनलमध्ये ‘ईएफआयबूटएमजीआर’ चालवलं की यादी दिसते. त्याच कमांडला ‘-ओ’ जोडून क्रम बदलता येतो आणि ‘-सी’ने हरवलेली नोंद नव्याने करता येते, फक्त डिस्क, पार्टिशनचा क्रमांक आणि फाइलचा मार्ग द्यावा लागतो. ‘ईएफआय व्हेरिएबल्स उपलब्ध नाहीत’ असं उत्तर आलं तर पेनड्राइव्ह जुन्या बायॉस पद्धतीने सुरू झालाय. बूट मेन्यूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसत असेल तर ज्याच्या नावापुढे ‘यूईएफआय’ आहे तो निवडा.

यादीत नोंदच नसेल तर यूईएफआयकडे एक राखीव वाट आहे: ईएसपीमधल्या ‘ईएफआय’ फोल्डरात ‘बूट’ नावाचं फोल्डर आणि त्यात ‘बूटएक्स६४.ईएफआय’ ही फाइल. पेनड्राइव्हवरचे इन्स्टॉलर कुठल्याही संगणकावर चालतात ते हिच्याच जोरावर. पोर्टेबल सिस्टिमलाही हीच वाट हवी. ३२ बिटी फर्मवेअर असलेल्या काही जुन्या टॅब्लेट-लॅपटॉपांना याच जागी ‘बूटआयए३२.ईएफआय’ लागते. प्रोसेसर ६४ बिटी असला तरी तिथे ६४ बिटी बूटलोडर चालत नाही.

एक्सटर्नल डिस्कवर टाकलं, बूटलोडर मात्र आत गेला

ही सर्वांत जास्त भेटणारी गोची. एक्सटर्नल एसएसडी निवडून उबुंटू इन्स्टॉल केलं, पण त्याचा जुना इन्स्टॉलर बूटलोडर कुठे ठेवायचा हा आपला पर्याय यूईएफआय संगणकावर जुमानत नसे. तो पहिल्या, म्हणजे बहुधा आतल्या डिस्कच्या, ईएसपीत फायली टाकायचा. परिणाम दुहेरी होतो. एसएसडी दुसऱ्या संगणकाला लावली की बूट होत नाही, कारण तिच्यावर बूटलोडरच नाही. आणि एसएसडी काढून ठेवली की मूळ संगणक ‘ग्रब’ प्रॉम्प्टवर अडकतो, कारण बूटलोडर आत आहे आणि त्याच्या बाकी फायली बाहेर गेल्यात. लोकांना वाटतं विंडोज उडालं. प्रत्यक्षात बूट मेन्यूतून ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडलं की ते मुकाट्याने सुरू होतं.

दुरुस्तीसाठी एसएसडीवर स्वतःचं ईएसपी लागतं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून जीपार्टेड उघडा, एसएसडीवर ५१२ एमबी जागा मोकळी करा, तेवढ्या जागेत नवं पार्टिशन करून फक्त तेच फॅट३२ने फॉर्मॅट करा आणि त्याला ‘ईएसपी’ हा फ्लॅग (खूण) लावा. मग एसएसडीवरचं लिनक्सचं मुख्य पार्टिशन ‘एमएनटी’ फोल्डरखाली माउंट करा, म्हणजे जोडा, नवं ईएसपी त्याच्या आतल्या ‘बूट’मधल्या ‘ईएफआय’वर माउंट करा, ‘डेव्ह’, ‘प्रॉक’, ‘सिस’ आणि ‘रन’ हे चार फोल्डर ‘बाइंड’ पर्यायाने आत जोडा आणि ‘सीएचरूट’ने त्या सिस्टिमीत शिरा. आत गेल्यावर ‘ग्रब-इन्स्टॉल’ चालवताना लक्ष्य ‘एक्स८६_६४-ईएफआय’, ईएफआय डिरेक्टरी म्हणून नवं ईएसपी, आणि ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय द्या. ‘रिमूव्हेबल’ म्हणजे फाइल त्या राखीव वाटेवर ठेव. शेवटी ‘अपडेट-ग्रब’.

एवढं करून बरेच जण उठतात आणि महिन्याभराने पुन्हा तिथेच येतात. कारण ‘एफएसटॅब’ फायलीत (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं ते तिथे लिहिलेलं असतं) ‘बूट/ईएफआय’साठी अजून आतल्या डिस्कच्या ईएसपीचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असतो. पुढचं ग्रबचं अपडेट पुन्हा आत जातं, आणि दुसऱ्या संगणकावर तो यूयूआयडी सापडत नाही म्हणून सिस्टिम दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाते. ‘बीएलकेआयडी’ चालवून नव्या ईएसपीचा यूयूआयडी बघा आणि ती ओळ बदला.

मुळात हे होऊ नये म्हणून इन्स्टॉल करण्यापूर्वी आतली डिस्क फर्मवेअरमधून बंद करा किंवा तिची केबल काढा. लॅपटॉपमध्ये ते जमत नसेल, तर आतल्या ईएसपीवरचे ‘बूट’ आणि ‘ईएसपी’ हे फ्लॅग जीपार्टेडमधून तात्पुरते काढून ठेवतात आणि इन्स्टॉल झाल्यावर न विसरता परत लावतात. ‘न विसरता’वर जोर आहे.

जुन्या बायॉस संगणकांवरही एसएसडी चालायला हवी असेल, तर जीपीटी (पार्टिशनांच्या तक्त्याची नवी पद्धत) डिस्कवर फॉर्मॅट न केलेलं १ एमबीचं ‘बायॉस बूट’ पार्टिशन ठेवा आणि ‘ग्रब-इन्स्टॉल’ दुसऱ्यांदा ‘आय३८६-पीसी’ या लक्ष्याने चालवा. दोन्ही बूटलोडर एकाच डिस्कवर गुण्यागोविंदाने नांदतात.

ग्रबच्या प्रॉम्प्टवरून बाहेर

प्रॉम्प्ट ‘ग्रब’ असेल तर ‘एलएस’ टाइप करा. कंसात ‘एचडी०, जीपीटी१’ अशा जोड्या दिसतील. एकेकीत डोकावून ज्यात ‘बूट/ग्रब’ फोल्डर आहे ती शोधा, मग ‘कॉन्फिगफाइल’ लिहून त्यातल्या ‘ग्रब.सीएफजी’चा पूर्ण मार्ग द्या. नेहमीचा मेन्यू येईल. प्रॉम्प्ट ‘ग्रब रेस्क्यू’ असेल तर हत्यारं कमी असतात. तिथे ‘सेट’ने ‘रूट’ म्हणून ते पार्टिशन आणि ‘प्रीफिक्स’ म्हणून त्यातलं ‘बूट/ग्रब’ द्यायचं, मग ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि ‘नॉर्मल’. चुकीच्या पार्टिशनवर ‘अननोन फाइलसिस्टिम’ असं उत्तर येतं, त्याने घाबरू नका, पुढचं बघा. ही मलमपट्टी एका बूटपुरती असते. आत गेल्या गेल्या ‘ग्रब-इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवलं तरच ती टिकते.

मेन्यू येतो पण त्यात विंडोज नाही, ही तक्रार वेगळी. २०२१च्या ग्रब २.०६पासून दुसऱ्या सिस्टिमी शोधणारा ‘ओएस-प्रोबर’ सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद असतो. ‘इटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ फायलीत ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर’ला ‘फॉल्स’ करा आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा. तरीही दिसलं नाही तर दोन्ही सिस्टिमी वेगळ्या पद्धतीने टाकल्यात का बघा. विंडोजमध्ये ‘एमएसइन्फो३२’ उघडून ‘बायॉस मोड’ वाचा. लिनक्समध्ये ‘सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर आहे का बघा. ते नसेल तर लिनक्स बायॉस पद्धतीने सुरू झालंय. एक बायॉस आणि दुसरी यूईएफआय असेल तर ग्रब एकीकडून दुसरीकडे उडी मारू शकत नाही.

कर्नल आला, डिस्क दिसेना

पोर्टेबल सिस्टिम दुसऱ्या संगणकावर इनिटरॅमएफएसच्या प्रॉम्प्टवर अडकली, तर बहुधा त्या तात्पुरत्या सिस्टिमीत तिथल्या हार्डवेअरचे ड्रायव्हर नाहीत. फेडोराचं ‘ड्रेकट’ जागा वाचवण्यासाठी ज्या यंत्रावर आहे त्याचेच ड्रायव्हर भरतं. ‘नो-होस्टओन्ली’ पर्यायाने प्रतिमा पुन्हा बनवली की सगळे येतात. आर्चमध्ये ‘एमकेइनिटसीपीआयओ’तल्या ‘ऑटोडिटेक्ट’ हुकमुळे हेच होतं, तो काढा. डेबियन-उबुंटूत ‘मॉड्यूल्स’ची किंमत ‘मोस्ट’ असेल तर ही अडचण सहसा येत नाही. कुणी ती ‘डेप’ केली असेल तर मात्र येते.

ड्रायव्हर असूनही डिस्क उशिरा जागी होते, असंही घडतं. प्रॉम्प्टवर दहा-पंधरा सेकंद थांबून ‘बीएलकेआयडी’ चालवा. आता डिस्क दिसली तर ग्रबमधल्या लिनक्सच्या ओळीला ‘रूटडिले=१०’ जोडा. डिस्क दिसते, मग नाहीशी होते, लॉगमध्ये ‘यूएएस’ (यूएसबी डिस्कशी वेगाने बोलण्याची पद्धत) आणि ‘रीसेट’ हे शब्द येत राहतात, तर एसएसडीच्या डबीतला यूएसबी-साटा पूल, म्हणजे दोन्ही जोडणारी चिप, संशयित आहे. ‘एलएसयूएसबी’ने त्याचा आठ अंकी-अक्षरी ओळख क्रमांक घ्या आणि ‘यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=’ पुढे तो लिहून शेवटी ‘:यू’ लावा. यूएएस बंद होतं, वेग थोडा घटतो, डिस्क स्थिरावते.

त्याआधी वीजपुरवठा मात्र जरूर तपासा, कारण तो फुकटचा इलाज आहे. प्रमाणानुसार यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर आणि ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर देतो. फिरती हार्ड डिस्क सुरू होताना याच्या काठावर असते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचा, लांब केबलऐवजी आखूड, आणि मध्ये हब नको.

‘एफएसटॅब’मध्ये ‘एसडीए१’, ‘एसडीबी२’ अशी नावं असतील तर ती यूयूआयडीने बदला. ही नावं डिस्क कोणत्या क्रमाने सापडल्या त्यावर ठरतात, प्रत्येक यंत्रावर वेगळी. नेहमी जोडलेल्या नसतील अशा डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ (सापडली नाही तरी पुढे जा) लिहा. डिस्कची हुबेहूब प्रत काढली असेल तर मूळ आणि प्रत एकाच वेळी जोडू नका: दोघींचा यूयूआयडी एकच असतो, आणि सिस्टिम कोणत्या डिस्कवरून चाललीय हे सांगता येत नाही. ईएक्सटी४साठी ‘ट्यून२एफएस’ने प्रतीला नवा यूयूआयडी देता येतो, पण मग तिथल्या ‘एफएसटॅब’ आणि ग्रबमध्येही तो बदलावा लागतो.

पडदा काळाच राहिला तर बहुधा आधीच्या यंत्रासाठी टाकलेला ग्राफिक्स ड्रायव्हर आड येतोय. ग्रबमधल्या लिनक्सच्या ओळीला ‘नोमोडसेट’ जोडून आत शिरा.

विंडोज शेजारी असेल तर

विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. ‘शट डाउन’ केलं तरी कर्नलची अवस्था डिस्कवर साठवली जाते, म्हणजे विंडोज अर्धवट झोपलेलं असतं. तिकडून लिनक्सने त्या एनटीएफएस पार्टिशनवर लिहिलं तर जागं झालेलं विंडोज जुन्याच नोंदी खऱ्या मानतं आणि फायली खराब होतात. म्हणून लिनक्स ते पार्टिशन फक्त वाचण्यासाठी जोडतं किंवा जोडतच नाही. इथे जबरदस्ती करणारे पर्याय इंटरनेटवर सर्रास सुचवले जातात, त्यांच्या नादी लागू नका. विंडोजमध्ये प्रशासकाच्या हक्काने ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ चालवा, मूळच मिटतं. घाईत असाल तर ‘रीस्टार्ट’ करून लिनक्समध्ये जा, कारण रीस्टार्ट करताना फास्ट स्टार्टअप वापरलं जात नाही.

घड्याळ दर वेळी काही तासांनी पुढे-मागे होत असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. विंडोज बोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स जागतिक वेळ. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ने लिनक्स विंडोजसारखं वागतं. त्याहून बरा उपाय म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘टाइमझोनइन्फर्मेशन’खाली ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही नोंद १ करणं.

बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनचा, विचार मात्र कशालाही हात लावण्यापूर्वी करायचा. अनेक नव्या लॅपटॉपांवर एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं. सिक्युअर बूट (सही केलेलाच बूटलोडर चालू देणारी फर्मवेअरची सोय) बंद केलं किंवा बूटची मांडणी बदलली की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर डेटा गेला. आधी की शोधून कागदावर लिहा, बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा, मग पुढे जा.

लिनक्सच्या इन्स्टॉलरला आतली डिस्कच दिसत नसेल तर फर्मवेअरमध्ये साठवणीचा प्रकार ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’ असू शकतो. तो थेट ‘एएचसीआय’ केला की विंडोज ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत कोसळतं. आधी ‘बीसीडीएडिट’ने सेफ मोड लावा, रीस्टार्ट करून फर्मवेअरमध्ये बदल करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या, तेवढ्यात ते योग्य ड्रायव्हर उचलतं. मग सेफ मोडची नोंद काढा.

ऑगस्ट २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा अपडेटनंतर अनेक ड्युअल-बूट संगणकांवर ‘शिम एसबॅट’ पडताळणी फसल्याचा संदेश येऊन लिनक्स थांबलं. जुने बूटलोडर बाद ठरवणारी यादी त्या अपडेटने फर्मवेअरमध्ये भरली होती. उतारा असा: सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये ‘मॉकयुटिल’ला ‘सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ सांगा, रीस्टार्ट करून एकदा लिनक्समध्ये जा, बूटलोडर अपडेट करा, आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करा. काही नव्या लॅपटॉपांवर तर मायक्रोसॉफ्टचं तृतीय-पक्षीय प्रमाणपत्रच बंद असतं. तिथे सही केलेला लिनक्स बूटलोडरही नाकारला जातो, आणि फर्मवेअरमधला तेवढा पर्याय चालू केला की काम भागतं.

विंडोजच्या स्वतःच्या बूट फायली गेल्या असतील तर रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘डिस्कपार्ट’ने ईएसपीला ‘एस’ हे अक्षर द्या आणि ‘बीसीडीबूट’ला विंडोजच्या फोल्डरचा मार्ग, ‘/एस एस:’ आणि ‘/एफ यूईएफआय’ द्या. रिकव्हरीत विंडोजचा ड्राइव्ह ‘सी’ असेलच असं नाही, आधी ‘डीआयआर’ने खात्री करा. ‘बूटरेक /फिक्सबूट’ ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणत असेल तर त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही, हाच मार्ग धरा.

पेनड्राइव्हवरची सिस्टिम

पर्सिस्टन्स (बदल टिकवून ठेवण्याची सोय) असलेला लाइव्ह पेनड्राइव्ह आणि पेनड्राइव्हवर पूर्ण इन्स्टॉल केलेली सिस्टिम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मूळ सिस्टिम न बदलणाऱ्या एका दाबलेल्या फायलीत असते आणि आपले बदल तिच्यावर थर म्हणून साठतात. म्हणून त्यात कर्नलचं अपडेट टाकलं तरी बूट जुन्याच कर्नलने होतं, आणि सगळी अपडेट टाकत राहिलं की थराची जागा संपते. बदलांची फाइल फॅट३२वर असेल तर ती ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. जास्त हवी असेल तर तिच्यासाठी वेगळं ईएक्सटी४ पार्टिशन करा. रीस्टार्टनंतर बदल राहतच नसतील, तर बूटच्या ओळीत ‘पर्सिस्टंट’ हा शब्द आहे का ते आधी बघा.

विंडोज पेनड्राइव्हवर नेण्याची ‘विंडोज टू गो’ ही सोय मायक्रोसॉफ्टने विंडोज १०च्या ‘२००४’ या क्रमांकाच्या आवृत्तीपासून काढली. रूफससारखी साधनं आजही तशी डिस्क बनवून देतात, पण त्यासाठी एसएसडीच घ्या. साध्या पेनड्राइव्हवर विंडोज सुरू होईल, पण बारीकसारीक लिखाणाचा मारा त्याला झेपत नाही आणि मेन्यू उघडायलाही सेकंद मोजावे लागतात. अशा विंडोजमध्ये आतल्या डिस्क ‘ऑफलाइन’ दिसल्या तर तो बिघाड नाही. पाहुण्या सिस्टिमने यजमानाच्या डिस्कला हात लावू नये म्हणून तसं ठेवलेलं असतं. गरज पडली तर ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये त्या डिस्कवर राइट क्लिक करून ‘ऑनलाइन’ करता येतात, मात्र आतलं विंडोज फास्ट स्टार्टअपने झोपलेलं नाही याची खात्री करून मगच.